पेशी उतरल्या की घरातला औषधांचा डबा आधी उघडा

आपल्या वडिलांना आठवडाभर ताप होता, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, 22 हजारांवर आल्या, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली आणि आता स्टेरॉइड सुरू करण्याविषयी डॉक्टर बोलत आहेत, हे वाचून मला माझ्या सासूबाईंचे आजारपण आठवले. हे संसर्गाने झाले की औषधाने, हा आपला प्रश्न अगदी योग्य आहे. तो मी वेळेवर विचारला नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे सारे अनुभवाचे बोल समजावेत.

सासूबाईंना लघवीच्या जळजळीसाठी कोट्रायमॉक्सॅझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू होत्या. नवव्या दिवशी पायांवर जांभळे ठिपके उठले, रक्तदाबाचा पट्टा सोडल्यावर दंडावर त्याचा वळ तसाच राहिला, आणि प्लेटलेट 14 हजार निघाल्या. पावसाळा असल्यामुळे सगळ्यांनी डेंग्यूच धरला. दाखल केल्यावर गोळ्या बंद झाल्या, आठवड्यात प्लेटलेट दीड लाखांवर गेल्या, आणि आम्ही श्रेय दिले पपईच्या पानांच्या रसाला! डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘विषाणूजन्य ताप’ असे लिहिले होते.

दहा महिन्यांनी पुन्हा जळजळ सुरू झाली, तेव्हा डब्यातल्या त्याच पाकिटातल्या उरलेल्या दोन गोळ्या मी स्वतःच्या हाताने त्यांना दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या तोंडात रक्ताचे फोड आले होते आणि प्लेटलेट 3 हजार होत्या. अशा औषधाविरुद्ध शरीरात एकदा प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार झाली की पहिल्या वेळी लागलेला आठवडा-दीड आठवडा दुसऱ्या वेळी लागत नाही, काही तासांतही पेशी कोसळू शकतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

या वेळच्या रक्तविकारतज्ज्ञांनी पहिल्या वेळच्या औषधांच्या नेमक्या तारखा मागितल्या. पहिल्या रुग्णालयाच्या नोंदी विभागाने मात्र ‘कार्ड दिले आहे, बाकीचे कागद मिळत नाहीत’ असे सांगून आम्हाला 11 दिवस फिरवले. रुग्णाने मागितल्यास 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीत आहे; हे लेखी अर्जात नमूद केल्यावरच कागद निघाले. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी केसपेपरवर एकच ओळ लिहिली होती : ‘घरची औषधे : कोट्रायमॉक्सॅझोल, बंद केले.’ त्या ओळीसाठी घालवलेल्या 11 दिवसांत स्टेरॉइड चालूच राहिले आणि मधुमेही सासूबाईंची साखर पार बिघडली. त्याचा राग मला आजही येतो.

म्हणून माझे ठाम मत असे की, गेल्या तीन आठवड्यांत वडिलांच्या पोटात गेलेले प्रत्येक औषध तारखेसह लिहून काढावे. त्यात प्रतिजैविके, वेदनाशामके, काढे आणि क्विनाइन असलेले टॉनिक वॉटरसुद्धा आले. क्षयाचे उपचार मध्येच सुटून पुन्हा सुरू झाले असतील तर रिफाम्पिसिनचा उल्लेख जरूर करावा. अलीकडे रुग्णालयात हेपॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध दिले गेले असेल तर तेही सांगावे, कारण त्यात पेशी कमी होऊनही धोका रक्तस्रावापेक्षा गुठळीचाच अधिक असतो. फिट्सचे व्हॅल्प्रोएटसारखे औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

संसर्गाच्या बाजूने हिपॅटायटिस सी, एचआयव्ही आणि पोटातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू यांच्या तपासण्या झाल्या का, हे विचारावे. शेवटच्यावर उपचार केल्यावर काहींच्या प्लेटलेट वाढतात. डेंग्यूची तपासणी तापाच्या कितव्या दिवशी झाली तेही पाहावे, कारण चुकीच्या दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. स्टेरॉइडपूर्वी काचपट्टीवर रक्त पाहून घ्यावे, कारण नेहमीच्या नळीत कधीकधी पेशींच्या गुठळ्या होऊन यंत्र खोटा कमी आकडा दाखवते. शंका असल्यास सायट्रेटच्या नळीत नमुना पुन्हा घेता येतो.

वडिलांना तापात अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन दिले गेले होते का, ते आज रात्रीच पाहा, आणि दिले असल्यास सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.