दारात दर्या, तरी पाणी घरीच कालवा

प्रश्न : घर देवगडला, किनारा पाच मिनिटांवर. दोन फुटी टाकीत सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) ठेवायचे आहेत. पाणी, वाळू, दगड किनाऱ्यावरूनच आणले तर?

उत्तर : तिन्ही नकोत. कोरलला हजारी ३५ (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार) खारेपणा लागतो आणि तो फार हलून चालत नाही. आपल्या किनाऱ्याला पावसाळाभर नद्यांचं गोडं, गढूळ पाणी मिळतं. खारेपणा उतरतो, गाळाबरोबर फॉस्फेट येतं, मग टाकीत शेवाळ माजतं. उन्हाळ्यात पाणी नितळ दिसलं तरी बंदराजवळ होड्यांचं डिझेल असतंच. पुळणीवरच्या वाळूत सिलिका असते, काळ्या वाळूत लोहयुक्त इल्मेनाइट. दगडांच्या वाटेला तर जाऊच नका. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, शिवाय कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाहून आलेला मेलेला तुकडाही घरात ठेवू नये. सॉफ्ट कोरलही टाकीत वाढवलेलेच घ्या, बिलासकट.

६० × ४५ × ४५ सेंमीच्या टाकीत वाळू-दगड वजा जाता १०० लिटर पाणी धरा. अ‍ॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू १० किलो, सच्छिद्र कोरडा रीफ रॉक तेवढाच, रीफ सॉल्ट (कोरलच्या टाकीसाठीचं तयार मीठ) साधारण पावणेचार किलो. मीठ वेगळ्या पिंपात, पंप लावून रात्रभर कालवा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या साधनावर) घनता १.०२५–१.०२६ आहे ना ते बघा. रिफ्रॅक्टोमीटर हजारी ३५च्या प्रमाणित द्रावणावर जुळवलेला हवा. स्वयंपाकघरातला आरओ बहुधा चालत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार राखलेले असतात. उरलेले क्षार काढणारं डीआय काडतूस जोडून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्यावर आणा.

प्रश्न : टाकी भरली. कोरल कधी सोडायचे?

उत्तर : बाटलीतले जिवाणू सोडा आणि त्यांना खाद्य म्हणून अमोनिया घालून तो २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) न्या. तेवढा अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही उरलं नाही, की टाकी तयार. याला चार-सहा आठवडे लागतात. नंतर दर आठवड्याला १० लिटर पाणी बदला. नायट्रेट मात्र शून्यावर नेऊ नका; ५ ते १० पीपीएम असेल तर सॉफ्ट कोरल खुलतात, शून्यावर आक्रसतात. कोरलच्या जातींपैकी आधी मशरूम आणि झोअँथिड सोडा, लेदर दोनेक महिन्यांनी. झेनिया या कोरलला वेगळा दगड द्या, नाहीतर सगळीकडे तोच पसरतो. झोअँथिड हाताळताना हातमोजे, चष्मा हवाच: काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. त्यांचा दगड कधीही उकळू नका, वाफेतूनही बाधा होते.

प्रश्न : मे महिन्यात टाकीचं पाणी ३२ अंशांवर जातं. पंखा पुरेल?

उत्तर : पंखा बाष्पीभवनाने गारवा देतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो जमून जातो, आपल्या दमट हवेत फारसा उपयोग नाही. एक दशांश अश्वशक्तीचा चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्या आणि तो कपाटाबाहेर, हवेशीर जागी ठेवा. कपाटात तो स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढतो. पाणी २५–२७ अंशांवर राखा. आटलेल्या पाण्याची भर टीडीएस शून्य केलेल्या गोड्या पाण्याने, कारण मीठ उडत नाही. वीज गेली की आधी प्राणवायू संपतो, गरम पाण्यात तर लवकरच. म्हणून इन्व्हर्टरवर चिलर नव्हे, पाणी हलतं ठेवणारा लाटांचा पंप ठेवा.

प्रश्न : लेदर कोरल पाच दिवस मिटलेलं आहे, वर मेणासारखा थर. मेलं का?

उत्तर : बहुधा कात टाकतंय. प्रवाह थोडा त्याच्याकडे वळवा, फिल्टरमधला कार्बन बदला, हात लावू नका. आठवडा-दोन आठवड्यांत उघडेल. बुडाशी तपकिरी चिकटा आणि कुजका वास आला तर मात्र सडका भाग धारदार पात्याने कापून टाका आणि उरलेला नव्या दगडावर सैलसर बांधा.