चिलखतासाठी इमर्जन्सी फंड मोडू का?

तुमचा प्रश्न असा की दीड वर्ष मिडीव्हल रीएनॅक्टमेंटच्या, म्हणजे मध्ययुगातल्या लढाया त्याच वेशात पुन्हा उभ्या करण्याच्या हौशी ग्रुपमध्ये आहात, आत्तापर्यंत ग्रुपचं उसनं सामान घालून लढलात, आता पंधराव्या शतकातलं फुल प्लेट आर्मर, म्हणजे अंगभर पोलादी पत्र्यांचं चिलखत, मापाने करून घ्यायचंय, कारागीर अर्धे पैसे आधी मागतोय, तर सहा महिन्यांच्या खर्चाएवढा जो इमर्जन्सी फंड साठलाय त्यातला चार महिन्यांचा काढावा का.

नका काढू. हौस सोडा असं म्हणत नाहीये हं, दीड वर्ष टिकली म्हणजे ती खरी आहे.

पण "स्टील आहे, कधीही विकता येईल" असं लिहिलंय ना तुम्ही, तिथेच हिशोब चुकतोय. मापाचं चिलखत तुमच्याच पोटरीला, खांद्याला बसवून ठोकलेलं असतं, दुसऱ्याला ते टोचणार नाहीतर लोंबणार. माझ्या एका क्लायंटची छातीची प्लेट ऑर्डर दिल्यावर वर्षाने आली, तोवर साहेबांचं पोट सुटलेलं, बगलेखालचे चामड्याचे पट्टे ओढून ओढून बकलापर्यंत पोचेचनात! हेल्मेटचं तेवढं बरं असतं, आतली गादी बदलली की दुसऱ्याच्या डोक्याला चालून जातं, म्हणून ते विकलं तरी जातं.

शिवाय खर्च प्लेटवर थांबत नाही. आत घालायचा गादीचा अंगरखा वेगळा, वीस-पंचवीस किलोचं धूड इव्हेंटला न्यायचं भाडं वेगळं, एकदा घामासकट पेटीत ठेवलंत की गंज चढलाच, आणि लढताना बोट मोडलं तर तुमचा हेल्थ इन्शुरन्स पैसे देतो का हे पॉलिसीत आधी वाचून घ्या.

खरा खर्च ठरतो तो तुम्ही कोण बनणार यावर. पोलंडमध्ये दर जुलैत १४१० ची ग्रुनवाल्डची लढाई उभी करतात, तिथे नाइट म्हणून उतरायचं तर पैसा लागणारच, पण इंग्लंडमधल्या १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईतला साधा भालाईत ट्यूनिक (सैल अंगरखा), हेल्मेट, ढाल आणि भाल्यावर भागवतो. पंधरावं शतकच हवं असेल तरी जॅक नावाचा जाड गादीचा अंगरखा आणि सॅलेट हेल्मेट घातलेला पायदळातला शिपाई तेव्हाही होताच की, वर्षभर तो बना.

फंडाला हात न लावता दरमहा वेगळी रक्कम बाजूला टाका आणि त्यातून आधी हेल्मेट आणि हातमोजे घ्या, कारण डोकं आणि बोटं उसन्या मापावर सोडायची नसतात. मग गुडघे-कोपर, छाती शेवटी. एकेक भाग ऑर्डर केलात तर कारागिराने उद्या दुकान बंद केलं तरी एकाच भागाचं डिपॉझिट बुडेल. आणि माप देताना आतला अंगरखा घालूनच द्या, नाहीतर तेही पैसे गेले.