उपास ‘ठेवत’ नाहीत, धरतात

प्रश्न असा आलाय : ‘नवरात्राचा उपास ठेवलाय’ म्हणावं की ‘केलाय’? आणि साबुदाणा खाऊन त्याला उपास म्हणायचं का?

पहिल्याचं उत्तर एका ओळीत. मराठीत उपास धरतात, करतात, सोडतात, मोडतात. वेळेला जेवण मिळालं नाही तर घडतोसुद्धा. ‘ठेवतात’ ते हिंदीत. आता कोल्हापुरात महाद्वार रोडवर ओटीचं सामान घेतानाही ‘ठेवलाय’ कानावर येतं, तेव्हा चिडचिड होते.

खरी मजा ‘उपवास’ ह्या शब्दात आहे. उप + वस्, जवळ राहणे. प्रवचनकार लगेच सांगतात, ‘उपवास म्हणजे माणसानं देवाजवळ राहणं.’ ऐकायला गोड, पण उलटं! शतपथ ब्राह्मण ह्या यज्ञविधींवरच्या वैदिक ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला बघा. यजमान उद्या यज्ञ करणार हे देवांना कळतं, सगळे देव आदल्या दिवशीच त्याच्या घरी मुक्कामाला येतात, म्हणून तो दिवस ‘उपवसथ’. जवळ येऊन राहतात ते देव. आणि पाहुणे जेवायचे असताना यजमानानं आधी ताटावर बसणं शोभत नाही, म्हणून पोट रिकामं. (बौद्धांचा व्रताचा दिवस ‘उपोसथ’, तोही ह्याच शब्दातून आला.) पापापासून परतून गुणांसह राहणे तो उपवास, ही स्मृतींतली व्याख्या मागाहून बसवलेली, मला ती फार शहाणी वाटते.

आमच्या कोल्हापुरात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे, असं माझं मत. घरात घट ‘बसतात’, शेवटी ‘उठतात’. ज्यांना सगळे दिवस झेपत नाहीत ते ‘उठता-बसता’ उपास धरतात, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. देवी घरी मुक्कामाला आली, म्हणून घरच्यांनी हात आवरायचा. शतपथाचंच गणित हे. व्युत्पत्ती न शिकलेल्या आयाबायांनी ते सांभाळलं.

हां, साबुदाणा. ही कुरकुरही जुनीच. शतपथात त्याच ठिकाणी एक आचार्य म्हणतो, काहीच खाऊ नये. याज्ञवल्क्य ऋषी म्हणतो, खाल्लं तरी न खाल्ल्यासारखं असेल ते खावं, म्हणजे रानात उगवलेलं, झाडाची फळं. एकाला उडीद हवे होते, तेही नामंजूर झाले. साबुदाण्याचा कंद तर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, त्यामुळे त्यावर निकाल नाही. वरी मात्र शेतात पिकते. याज्ञवल्क्यानं ती ताटातून काढायला लावली असती.