बाळ येणार आहे, पण मला काहीच वाटत नाही

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे पुरुष हा प्रश्न सहसा थेट विचारत नाहीत. आधी झोपेचं सांगतात, मग कामाच्या ताणाचं, ॲसिडिटीचं, आणि वेळ संपत आली की उठता उठता म्हणतात, "अजून एक विचारायचं होतं." ज्याच्याबद्दल लिहितेय तोही असाच. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; लिहायला त्या दोघांची हरकत नाही.) वय तिशीच्या पुढचं, पहिलंच बाळ, बायकोला सहावा महिना. बाळ दोघांनी ठरवून, आनंदाने हवं म्हटलेलं.

"मॅडम, मी सगळं करतोय, पण आतून काही होतच नाहीये. सोनोग्राफीला डॉक्टर पडद्यावर दाखवत होत्या, हे डोकं, हा पाय. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी नुसती मान डोलावली. खरं सांगायचं तर मला त्यात पाय दिसलाच नाही. माझ्यात काही कमी आहे का?"

"सगळं करतोय" हे मात्र शब्दशः खरं होतं. त्याच्या फोनमध्ये एक एक्सेल शीट होतं. विम्याची कागदपत्रं, रजेचा अर्ज, दवाखान्यात न्यायची बॅग, गाडीत बाळासाठी बसवायची सीट, महिन्याचा वाढणारा खर्च. झालेलं हिरवं, राहिलेलं पिवळं. पाळणा त्याने स्वतः जोडला होता. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला, आणि तो नेमका कुठला असावा यावर तो माझ्यासमोर बराच वेळ मनापासून बोलला. बाळाविषयी विचारलं की गाडी दोन वाक्यांत थांबायची. ॲप दर आठवड्याला सांगायचं की बाळ आता लिंबाएवढं झालं, आता त्याहून मोठं. तो ते बायकोला वाचून दाखवायचा आणि पुन्हा शीट उघडायचा.

त्याचा दिवस मी त्याच्याकडूनच ऐकून घेतला. तिला वास सहन होत नाहीत म्हणून त्याने साबण बदललेला, सकाळचं स्वयंपाकघर स्वतःकडे घेतलेलं. ऑफिसात जादा काम आलं की नाही म्हणायचं नाही, कारण पुढे पैसे लागणार. रात्री ती बाथरूमला उठली की हा जागा होणार, ती परत झोपणार आणि हा छताकडे बघत हिशोब करणार. तपासणीला हा बाहेरच्या खुर्चीवर. फोन येतात ते "ती कशी आहे?" विचारायला. आणि मित्रांचं एकच, "आत्ताच झोपून घे, नंतर विसर." (या विनोदाचा मला मनस्वी कंटाळा आहे. झोप काही साठवून ठेवता येत नाही, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून कुणाचं भलं होतं?)

समुपदेशनाच्या गोष्टींत अशा वेळी बहुधा जुनी जखम बाहेर येते: वडिलांशी तुटलेलं नातं, लहानपणी न मिळालेलं प्रेम. मीही त्या बाजूला थोडं विचारून पाहिलं. तसं काही नव्हतं. वडील बरे होते, घर बरं होतं, लग्न बरं होतं. जे होतं ते अगदी साधं होतं आणि फार जणांच्या बाबतीत असतं.

गरोदर बाईला बाळाची खबर शरीर देतं. मळमळ, थकवा, आणि पहिलटकरणीला साधारण 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास आतून जाणवू लागणारी हालचाल. बाहेरून हात ठेवणाऱ्याला ती कळायला त्यानंतर आणखी काही आठवडे जातात. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला असेल तर अजून उशीर. तोवर बापाच्या हाती असतात ते रिपोर्ट, ॲप आणि ऐकीव माहिती. ऐकीव माहितीवर माया जडत नाही यात नवल काय? हा बिचारा रोज रात्री हात ठेवून बघायचा, आणि हात ठेवला की हालचाल बंद. "माझा हात ओळखून गप्प बसतं," म्हणाला. हसत म्हणाला, पण त्याला ते लागलेलं होतं.

मी त्याला सरळ सांगितलं की गरोदरपणात बापाला भरून आलं नाही म्हणून तो पुढे कोरडा राहील, असं काही नाही. आणि बापाचं शरीर या सगळ्यात अगदीच बाहेर बसलेलं असतं, असंही नाही. फिलिपिन्समधल्या शेकडो तरुणांचा काही वर्षं पाठपुरावा करून 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाप झालेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषांमधलं मुख्य लैंगिक हार्मोन) बरंच खाली आलं होतं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करत होते त्यांचं इतर बापांपेक्षाही कमी होतं. म्हणजे मुलाचं करणं आणि शरीर बदलणं हे हातात हात घालून चालतं. आईला काही महिन्यांचा आगाऊ सहवास मिळतो; बापाचा सहवास सुरू होतो तो बाळ हातात आल्यावर, आणि पुष्कळदा तेव्हाही लगेच नाही.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम करत नाही. "पोटाशी बोला, बाळ जन्मल्याबरोबर तुमचा आवाज ओळखेल," असं आश्वासन मी देत नाही. सहा महिने उलटल्यावर गर्भ बाहेरच्या आवाजाला प्रतिसाद देतो हे खरं. नवजात बाळं आईच्या आवाजाला पसंती देतात, हे 1980 साली दाखवलं गेलं. पण त्यानंतर 1984 मध्ये तसाच प्रयोग वडिलांच्या आवाजावर झाला, तेव्हा बाळांनी परक्या पुरुषाच्या आवाजापेक्षा वडिलांच्या आवाजाला अशी पसंती दाखवली नव्हती. तेव्हा पोटाशी खुशाल बोला, तुम्हाला दोघांना बरं वाटेल. पण बाळाने पहिल्या दिवशी मान वळवली नाही म्हणून खट्टू होऊ नका.

हे ऐकून तो जरा सैलावला. पण रात्रीचा हिशोब थांबेना, म्हणजे गाठ दुसरीकडे होती. पुढच्या वेळी बायकोलाही घेऊन या म्हटलं.

ती आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "त्या शीटमध्ये किती ओळी आहेत माहितीये? त्यात माझ्यासाठी एकही नाही. घरात कंत्राटदार राहतोय असं वाटतं मला. येतो, बघतो, काय राहिलं विचारतो." तो लगेच बचावाला आला: साबण, स्वयंपाकघर, जादा काम. ती म्हणाली, "कामांबद्दल कुठे बोलतेय मी? तू माझ्याकडे बघतच नाहीस."

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "बघितलं की भीती वाटते. बाळाचं नंतर. तुला काही झालं तर, हेच डोक्यात येतं. असलं तोंडातून काढू नये म्हणून बोललो नाही."

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे बोलायचं ना मग! मी समजत होते तुला बाळच नकोय."

माझ्या अनुभवात "काहीच वाटत नाही"च्या खाली पुष्कळदा हेच असतं. वाटत असतं, पण जे वाटतं ते आनंदाच्या प्रसंगी शोभत नाही. अशुभ बोलू नये, तिला टेन्शन देऊ नये, बाप माणसाने खंबीर असावं, अशा तीन-चार कुलुपांआड भीती ठेवली की तिच्याबरोबर बाकीचंही आतच राहतं. आणि बायकोला बाहेरून दिसतो तो नुसता थंडपणा.

भीती बोलून हलकी होते, पण बाळंतपणाच्या भीतीला माहितीही लागते. त्याला म्हटलं, पुढच्या तपासणीला बाहेर बसू नका. आत जा आणि तुमचा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. त्याने विचारला: काही बिघडलं तर आम्हाला कसं कळेल आणि कोण काय करेल? डॉक्टरांनी नीट वेळ देऊन सांगितलं. रक्तस्राव, पाणी जाणं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं, खूप डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, चेहऱ्यावर-हातांवर एकाएकी सूज, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. दर खेपेला रक्तदाब का मोजतात, तेही त्याला तिथेच कळलं: 20 आठवड्यांनंतर काही जणींचा रक्तदाब वाढतो आणि तो वेळेवर धरला तर पुढचा धोका बराच आवरता येतो. इतके महिने तो तो पट्टा बघत होता आणि त्याला वाटायचं, ही आपली रीतच असते.

शीट बंद करायला मी सांगितलं नाही. काही समुपदेशक सांगतात, मला ते पटत नाही. तयारी हीच त्याची माया दाखवायची भाषा होती. ती काढून घेऊन त्याच्या हाती काय उरलं असतं? फक्त दोन बदल केले. रात्री जेवण झाल्यावर थोडा वेळ फोन दुसऱ्या खोलीत, आणि त्या वेळात कामाची यादी काढायची नाही. आज तिला कसं होतंय आणि याला कसं होतंय, एवढंच. दुसरं, शीटमध्ये तिची ओळ तिने स्वतः भरायची. पहिली ओळ तिने भरली: "पाय दाबणे, न विचारता."

हालचाल त्याला पुढे कळली. तेव्हा फार काही वाटलं का, विचारलं तर म्हणाला, "दचकलो." पुरे की.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांबद्दल मी होणाऱ्या बापांशी आधीच बोलून ठेवते, कारण अपेक्षाभंग तिथे मोठा होतो. नवजात बाळाला चेहरा बरा दिसतो तो साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरून, म्हणजे कुशीत घेतलं तर. खोलीच्या दारातून "बाबा आला" म्हटल्याने त्याला काही कळत नाही. ते दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा दूध पितं. माणसाकडे बघून हसायला त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. आणि नेमकं सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणंही सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू उतरतं. थोडक्यात, बापाची रजा संपलेली, झोप मोडलेली आणि बाळाकडून परतफेड शून्य, हे सगळं एकदमच येतं. अशा वेळी संताप आला तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून दोन मिनिटं खोलीबाहेर जावं, दुसऱ्या कुणाला हाक मारावी. बाळाला गदागदा हलवणं कधीही नाही. त्याने मेंदूला इजा होते.

त्याला मी सांगितलं की अंगावर घ्या. उघड्या छातीवर, वर पांघरूण घालून. हे फक्त आईनेच करायचं असं नाही, बापाच्या छातीवरही बाळ तितकंच उबेला राहतं. दूध पाजता येत नाही, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, अंघोळ, झोपवणं, यातलं कोणतंही काम आईवाचून अडत नाही.

आणि एक वेगळी गोष्ट, जी "काहीच वाटत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत मी तपासतेच. नैराश्य बापांनाही येतं. 2010 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा गरोदरपण ते बाळाचं पहिलं वर्ष या काळात सुमारे 10 टक्के बापांमध्ये ते आढळलं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना सर्वांत जास्त. पुरुषांत ते रडण्याऐवजी चिडचिडीतून, कामात बुडून जाण्यातून, दारू वाढण्यातून दिसतं, त्यामुळे घरच्यांना "स्वभाव बदलला" एवढंच वाटतं. बाळंतिणीचं नैराश्य ओळखायला 1987 मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली बापांसाठीही वापरतात. मी त्याला दिली होती, त्यात काळजी होती, नैराश्य नव्हतं. पण ज्याला दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नाही, बाळाविषयीच नव्हे तर मित्र, काम, आवडीच्या गोष्टी, सगळंच बेचव झालंय, झोपायला मिळूनही झोप येत नाही, त्याने "बाप झाल्यावर होईल ठीक" म्हणत थांबू नये. आणि जगू नये असं वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं, घरातल्या कुणाला तरी सांगून.

बाळ झाल्यावर ते दोघं पुन्हा आले, बाळाला घेऊन. आता तक्रार उलटी होती. त्याला करायचं असतं आणि ती करू देत नाही. लंगोट सैल बांधला, डोकं नीट धरलं नाही, पाणी जरा गार आहे. दर वेळी ती बाळ हातातून काढून घेणार आणि तो मागे सरकणार. दोघांचंही बरोबर होतं: तिला खरंच जास्त सराव झाला होता, आणि तो सराव त्याला मिळत नव्हता. सुरक्षिततेचा मुद्दा असेल तर तिने जरूर बोलावं, नुसती पद्धत वेगळी असेल तर बोलू नये, इथपर्यंत एकमत झालं. संध्याकाळची अंघोळ पूर्णपणे त्याची ठरली. पहिल्या आठवड्यात ती दाराबाहेर उभी राहून सूचना देत होती. तेही बंद करायचं आता ठरलं आहे.