जर्मन शिकताना इंग्रजी बाजूला ठेवा

ऑफिसचं काम इंग्रजीत आहे, जर्मनीला निघायला पाचेक महिने आहेत, मग आधी व्याकरण करू की शब्द पाठ करू, असं तुम्ही विचारलंय. जर्मनमध्ये हे दोन वेगळे काढताच येत नाहीत. ‘टिश’ म्हणजे टेबल एवढं घोकून उपयोग नाही. ‘डेर टिश’ असंच तोंडात बसवा, अनेकवचनासकट. डेर, डी, डास ही तीन लिंगं. तो-ती-तेमुळे आपल्याला त्याचा धक्का बसत नाही. पण मराठीतलं लिंग तिथे चालेलच असं नाही. सूर्य ‘डी झोनं’, म्हणजे स्त्रीलिंगी, आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी, ‘डास मेडशन’. कारण ‘शन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगीच होतं. तसाच ‘उंग’ प्रत्यय कायम स्त्रीलिंगी: वोनुंग म्हणजे घर, रेश्नुंग म्हणजे बिल, फरझिशरुंग म्हणजे विमा. सुरुवातीला हेच शब्द रोज समोर येतात.

विभक्ती चारच. आपण शाळेत आठ घोकल्यात! त्यातली डाटिव, म्हणजे साधारण आपल्या ‘मला’, ‘त्याला’ची विभक्ती, तर इंग्रजीतून शिकूच नका. ‘मला थंडी वाजतेय’ हे ‘मियर इस्ट काल्ट’, ‘मला घर आवडतं’ हे ‘मियर गेफेल्ट डी वोनुंग’. दोन्हीकडे ‘मला’च, ‘मी’ नाही. इंग्रजीच्या नादाने ‘इश बिन काल्ट’ म्हणालात तर समोरचा हसेल.

फक्त आपला ‘ला’ फसवतो. ‘मी त्याला बघतो’ आणि ‘मी त्याला मदत करतो’ यांत आपल्याला फरक दिसत नाही, जर्मनला दिसतो. पहिलं ‘इश झेहं ईन’, दुसरं ‘इश हेल्फं ईम’, म्हणजे डाटिव. म्हणून हेल्फन (मदत करणे), डांकन (आभार मानणे), आंटवोर्टन (उत्तर देणे) ही क्रियापदं वहीत ‘ईम’ जोडूनच लिहा.

वाक्यरचनेचा बाऊ नको. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी, पण ‘वाइल’ आलं की शेवटी: ‘वाइल इश म्यूडं बिन’. ‘कारण मी दमलेला आहे’, शब्दाला शब्द. आकडेही आपल्यासारखेच, एकवीसमध्ये आधी एक, मग वीस.

ॲप शब्दांसाठी ठीक, व्याकरणाला कुचकामी. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, ते करा. तिथे गेल्यावर फोल्क्सहोखशूल, म्हणजे प्रौढांसाठीच्या स्थानिक शिक्षण केंद्राचा संध्याकाळचा वर्ग धरा.

आणि निघण्याआधी स्वतःच्या नावाचं स्पेलिंग जर्मन अक्षरांत घडाघडा म्हणता आलं पाहिजे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग, करावी लागते. तिथे आणि फोनवर हेच विचारतात. ए म्हणजे ‘आ’, ई म्हणजे ‘ए’, आय म्हणजे ‘ई’, जे म्हणजे ‘योट’, व्ही म्हणजे ‘फाउ’. तुम्ही इंग्रजी धाटणीने ‘ई’ म्हणालात की समोरचा आय लिहून मोकळा होतो, आणि मग ते चुकलेलं नाव बँकेपासून विम्यापर्यंत सगळीकडे दुरुस्त करत बसावं लागतं.