मीड आणि कूली यांच्या ‘स्व’च्या कल्पनेची मुळं कोणत्या तत्त्वज्ञानात आहेत?

तुम्ही विचारलंय, ‘स्व’ समाजातून घडतो हे समाजशास्त्राने शोधलं की तत्त्वज्ञानातून उचललं? उचललं, पण त्याला रोजच्या जगण्यात आणलं अमेरिकन विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीडने.

माझी लेक चार वर्षांची असताना भातुकलीत बाहुलीला दटावत होती, “किती वेळा सांगायचं गं तुला? आधी हात धू!” सूर माझा, कमरेवरचा हातही माझाच. मीड मी वर्गात कितीदा शिकवला होता, पण उमगला तो त्या दिवशी, दाराआड उभी असताना. मूल दुसऱ्याच्या जागी जाऊन स्वतःकडे बघायला शिकतं, तेव्हा त्याचा ‘स्व’ आकाराला येतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा ‘मी’ एकटाच, अख्ख्या जगावर शंका घेणारा. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने १८०७ च्या पुस्तकात ते एकटेपण मोडलं: दुसऱ्या जाणिवेने मान्यता दिल्याशिवाय आत्मभान पुरं होत नाही. त्या पुस्तकातलं मालक-दासाचं प्रकरण अवघड आहे, तरी वाचाच. मीड हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञ जोसाया रॉइसकडे शिकला, आणि रॉइस हेगेलच्याच परंपरेतला.

दुसरं मूळ स्कॉटलंडचं. अर्थशास्त्रामुळे ठाऊक असलेल्या ॲडम स्मिथने १७५९ मध्येच लिहिलंय की, समाजाबाहेर वाढलेल्या माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही तसं स्वतःच्या वागण्यातलं बरंवाईटही दिसणार नाही. समाज हा आरसा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कूलीचा ‘आरशातला स्व’, म्हणजे इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो त्यावरून घडणारा ‘स्व’, त्यानंतरचा, १९०२ चा.

एक गफलत मात्र टाळा. समाज छाप मारतो आणि माणूस तयार होतो, असं मीड म्हणत नाही. त्याच्या ‘स्व’ला दोन अंगं आहेत, मराठीत आपण त्यांना ‘मी’ आणि ‘मला’ म्हणू. ‘मला’ म्हणजे इतरांच्या नजरा, आपण आत घेतलेल्या. ‘मी’ म्हणजे त्यांना आपण दिलेलं उत्तर, आणि ते काय असेल हे देईपर्यंत आपल्यालाही ठाऊक नसतं. हे दुसरं अंग सोडलं तर बंडखोरी कुठून येते ते सांगताच येणार नाही.

हा धागा आपल्यापर्यंतही येतो. मीडचा जिवलग मित्र, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचा शिक्षक झाला. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेब ड्यूईचं ऋण मान्य करतात आणि समाजगटांच्या परस्पर व्यवहारासाठी जीवशास्त्रातला शब्द वापरतात, ‘एंडॉस्मॉसिस’, म्हणजे पडद्यातून द्रव आत झिरपणं. ड्यूईच्या १९१६ च्या पुस्तकातही तोच शब्द आहे. जातीने तो पडदाच बंद केला होता.