आपण लिहिलेली गोष्ट नंतर खरीच घडली, असं कुणाच्या बाबतीत झालंय का?

माझ्या बाबतीत झालंय. 2016 मध्ये मी एक कथा लिहिली होती. त्यातला म्हातारा उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या पिकात, ढोरं सोडतो आणि धुऱ्यावर, बांधावर, बसून पाहत राहतो. पुढच्याच खरिपात, 2017 ला, आमच्या यवतमाळकडे गुलाबी बोंडअळी आली. शेजारच्या काकांनी एक बोंड फोडून माझ्या हातावर ठेवलं. वरून हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वावरात बैल सोडले. मला म्हणाले, "काहून रे, मायं वावर तू आधीच पाहून ठेवलं होतं का?" काय बोलणार? कथा मीच लिहिली होती, पण अळी मीच आणल्यासारखं वाटत होतं.

भविष्यबिविष्य काही नाही हो. गुजरातेत ही अळी बीटीला, म्हणजे अळी मरावी म्हणून जनुक बदललेल्या कपाशीला, दाद देत नाही, हे आधीपासूनच कानावर येत होतं. इकडे फरदड ठेवणं, म्हणजे वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी उभीच ठेवणं, चालूच होतं, त्यामुळे अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळायचं. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, मीही पाहिल्या होत्या. बाकी जुळवाजुळव डोक्यानं आपोआप केली.

मॉर्गन रॉबर्टसन या अमेरिकन लेखकाचंही तेच. 1898 च्या त्याच्या कादंबरिकेत 'टायटन' नावाचं जहाज हिमनगावर आदळून बुडतं, तेही जीवरक्षक होड्या कमी असताना. 'टायटॅनिक' बुडालं 1912 ला. पण हा माणूस स्वतः खलाशी होता, जहाजं कशी बांधतात हे त्याला ठाऊक होतं.

आणि हो, माझ्या ज्या कथा खऱ्या झाल्या नाहीत, त्यांची आठवण कुणी काढत नाही. त्या तीसेक तरी असतील.